सत्ताविसाव्या मजल्यावरचं कुरण

जैतूनबीला जन्म कधीचा म्हणून विचारलं की ती सांगायची, "ज्या साली बर्फ उशिरा वितळलं त्या साली. वर चढताना, तिसऱ्या पडावावर." पासपोर्टच्या कारकुनाने या उत्तरातून एक जानेवारी एकोणीसशे चव्वेचाळीस ही तारीख काढली. कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक. जैतूनबीने वाद घातला नाही. बाहेर आल्यावर थोरल्या मुलाला एवढंच म्हणाली, "जानेवारीत कुठला आलाय चढ? या माणसाने बर्फ कधी पाहिलेलं दिसत नाही."

ती बकरवाल. आपल्याकडे धनगर, तसे जम्मू-काश्मीरच्या डोंगरात बकरवाल. शेळ्यामेंढ्या राखणारे, धर्माने मुसलमान, आणि घर नावाच्या वस्तूबद्दल मनातून जरा साशंक. हिवाळा राजौरीच्या पायथ्याला, उन्हाळा पीरपंजालच्या पलीकडच्या उंच कुरणांत. वैशाखात चढायचं, आश्विनात उतरायचं. जैतूनबीने साठ वर्षं हेच केलं. धाकटा लियाकत वाटेतच झाला. सकाळी झाला, आणि दुपारी काफिला पुढे निघाला तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेला होता. त्याबद्दल कुणी तिचं कौतुक करायला लागलं तर तिला समजायचंच नाही की यात कौतुक कसलं.

नमाज पाच वेळची, रोजे पुरे महिन्याचे. त्याखेरीज डोंगराचे कायदे वेगळे. मंगळवारी डेरा हलवायचा नाही. व्यालेल्या शेळीचं पहिलं दूध पीरबाबाच्या दर्ग्यावर, मग पोरांच्या तोंडात. कळप बोटाने मोजायचा नाही, नजर लागते. मग एखादी मेंढी हरवली तर कळणार कसं? जैतूनबीला हा प्रश्नच बावळट वाटायचा. तुमच्या पोरांपैकी एक जेवायला आलं नाही तर तुम्ही काय मोजून बघता?

पण तिचे मुख्य कायदे दोन. पहिला असा, की वैशाखात जो हलला नाही तो आश्विन बघत नाही. याला पुरावा होता. ती नऊ वर्षांची असताना एका साली फौजेने घाट बंद केला आणि काफिला पायथ्यालाच अडकला. उन्हं चढली, अर्धा कळप मेला, माणसं तापाने फणफणली, आणि तिच्या आईला तिथेच माती द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, हिवताप. जैतूनबी म्हणायची, थांबल्यामुळे.

दुसरा कायदा चुलीचा. डेरा उठला की सगळं उचलायचं, पण चुलीचे तीन दगड तसेच मांडून ठेवायचे. म्हणजे जागेला कळतं की ही माणसं परत येणार. यायचं नसेल तर तीन दगड तीन दिशांना फेकून द्यायचे. नवरा, सखी मोहम्मद, वारला आणि थोरल्याने कळप विकून राजौरीत टायरचं दुकान काढलं, त्या साली तिने दगड फेकले. दोन लांब गेले. तिसरा फेकताना हातात बळच राहिलं नाही, म्हणून तो पायाशीच पडला. मग ती थोरल्याच्या स्लॅबच्या घरात राहायला गेली आणि तिथे रोज छताकडे संशयाने बघायला लागली.

लियाकतची गोष्ट निराळी. सरकारने बकरवालांसाठी फिरत्या शाळा काढल्या होत्या. मास्तर पायी, फळा तट्टावर. बाकीची पोरं फळ्यामागून पळून जायची, हा फळ्यामागून शाळेत जायचा. पुढे जम्मूच्या वसतिगृहात राहिला, इंजिनियर झाला, तीन वर्षं पुण्यात एका कंपनीत काढली, म्हणून मराठी त्याला चांगली समजते, आणि दोन हजार साली जर्सी सिटीत आला. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये नोकरी. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याने पलीकडचा धूर डोळ्यांनी पाहिला, आणि त्यानंतर त्याचं नाव काय आहे याची लोकांनी त्याला वरचेवर आठवण करून दिली. तेव्हापासून लियाकत खटाणा नियमाबाहेर इंचभर पाय टाकत नसे. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलसाठी थांबायचा. लायब्ररीचं पुस्तक दोन दिवस आधी परत करायचा. वडील काय करायचे असं ऑफिसात कुणी विचारलं तर म्हणायचा, "लाइव्हस्टॉक बिझनेस." लग्न झालेलं नव्हतं, आणि पस्तिशी उलटली होती.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात जैतूनबी त्याच्याकडे आली. उंच इमारत, तिसऱ्या मजल्यावरचं घर, पुढे हातरुमालाएवढी बाल्कनी. आल्याच्या तिसऱ्या दिवशी लियाकत ऑफिसातून परततो तो बाल्कनीत तीन दगड मांडलेले, त्यावर तिची तांब्याची किटली. गुळगुळीत, गोल, करड्या रंगाचे देखणे दगड. लियाकतने ते तत्काळ ओळखले. खाली लॉबीत बांबूच्या कुंडीभोवती शोभेसाठी ठेवलेले होते.

"अम्मा, हे चोरी आहे."

"दगडाची कसली चोरी? दगड अल्लाचे."

"इथे ते बिल्डिंगचे असतात."

"मांडलेले दगड हलवत नसतात," ती म्हणाली आणि चहात मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी लॉबीत सूचना लागली: कुंडीतले तीन दगड नेले आहेत, कृपया परत करावेत. खाली मॅनेजर मिसेस ऑर्टिझ यांची सही. लियाकत बिचारा पाच महिने मागच्या दाराने ये-जा करत राहिला.

हिवाळा झकास गेला. हिवाळ्यात एका जागी बसायचं असतं हे जैतूनबीला मान्यच होतं. ती मक्याच्या रोट्या करायची, खारा चहा प्यायची, खिडकीतून माणसांचे कळप स्टेशनकडे जाताना बघायची आणि त्यात लंगडणारं कोण आहे ते लियाकतला रात्री सांगायची. लियाकतला घरी आल्यावर दिवा लागलेला दिसायची सवय झाली. ही सवय वाईट असते, एकदा लागली की सुटत नाही.

मग एप्रिल आला.

बर्फ वितळलं तशी जैतूनबीची झोप उडाली. तिने गाठोडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरने सगळं तपासलं आणि बाईंची तब्येत चाळिशीतल्या माणसासारखी आहे म्हणून अभिनंदन केलं. त्यात व्हिसावरचे मुक्कामाचे सहा महिने मेमध्ये संपत होते. आणखी सहा महिन्यांची मुदत हवी तर अर्जावर तिचा अंगठा हवा होता. लियाकतने अर्ज पुढे केला. जैतूनबीने अंगठा मुठीत मिटून घेतला.

"मला तुझ्यापाशी राहायचंय रे," ती म्हणाली. "अल्लाशपथ राहायचंय. पण या जागी वैशाख काढला तर मी मरेन. तिकडे गेले तर थोरल्याच्या स्लॅबखाली मरेन. मग तुझ्या डोळ्यांसमोर कशाला?"

लियाकत इंजिनियर होता. असलं काही नसतं हे त्याला पटवून देता आलं असतं. पण आजीची गोष्ट ऐकतच तो मोठा झाला होता, आणि खरं सांगायचं तर तोही दर एप्रिलमध्ये विनाकारण फर्निचर इकडचं तिकडे करायचा. त्याने मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं.

त्याच आठवड्यात लॉबीत जैतूनबीला एक अजब दृश्य दिसलं. एक म्हातारा, एक म्हातारी. म्हातारीच्या अंगावर पातळ आणि वर स्वेटर. भोवती दोरीने आवळलेल्या चार बॅगा, एकीतून मसाल्याचा वास, दुसरीला लोणच्याच्या तेलाचा डाग. दुसऱ्या दिवशी आणखी एक जोडपं, तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरं. सगळी म्हातारी, सगळी लादलेली, सगळी एप्रिलात उगवलेली. जैतूनबी पहिल्या जोडप्याच्या सुनेला कपडे धुण्याच्या खोलीत गाठून विचारायला लागली.

ही सून म्हणजे वसुधा. सत्ताविसाव्या मजल्यावर राहणारी, मूळ नागपूरची, म्हणजे हिंदी बाळकडूतच मिळालेली. जैतूनबीच्या गोजरी बोलीला हिंदीची फोडणी होती, त्यामुळे दोघींचं जमायचं. आपण सगळं मराठीतच ऐकू, उगाच कुणाची जीभ वळवायला लावू नये.

"तुमचे सासू-सासरे दरसाल येतात?"

"हो ना मावशी. एप्रिलमध्ये येतात, ऑक्टोबरमध्ये जातात. थंडी सोसत नाही त्यांना."

"आणि ती बाकीची?"

"तेही तसेच. सगळ्यांचेच पेरेंट्स असेच येतात. सहा महिने इथे, सहा महिने तिथे."

"वाटेत पडाव किती?"

वसुधाने प्रामाणिकपणे हिशेब केला. "सातारा, मुंबई, फ्रँकफर्ट, नेवार्क."

जैतूनबीने वसुधाचे दोन्ही हात धरले. "सुबहानल्ला! म्हणजे तुम्हीसुद्धा! मला वाटत होतं तुम्ही लोक घरवाले. सांग, तुमची जात कोणती? काय राखता? शेळ्या की मेंढ्या?"

"नातवंडं," वसुधा म्हणाली.

सातारकरांना आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं असेल, पण भटकी जमात म्हणून गळाभेट घेणारी जैतूनबी पहिलीच. वसुधा इतकी हसली की वाळवणीच्या यंत्रातले कपडे काढायचे राहून गेले. मग हसता हसता तिने स्वतःचं दुखणं सांगितलं. सासरे, आप्पा, जन्मात विहिरीत वाकून न बघितलेले. यंदा वसुधाचं बिऱ्हाड याच इमारतीत नव्या घरात वर गेलं होतं, सत्ताविसावा मजला, आणि हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काचा. आप्पा चार दिवस पडदे ओढून, सोफ्याला पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. संडासला जायचं तर भिंत धरून. शरयूकाकू, म्हणजे सासूबाई, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होत्या, "एवढ्या उंचावर काय गिधाडं राहतात?"

"ते वर कासावीस, मी खाली कासावीस," जैतूनबी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

बेत पाच मिनिटांत ठरला. आप्पा-काकू खाली लियाकतकडे, जैतूनबी वर वसुधाकडे, थेट ऑक्टोबरपर्यंत. सासूबाई चोवीस मजले खाली जाणार याचा आनंद वसुधाच्या चेहऱ्यावर अजिबात दिसला नाही. मुलगी शिकलेली होती.

लियाकत मात्र हादरला. "वसुधा, लीज आहे. आपल्याला असं अदलाबदल करता येत नाही."

"गेस्ट अलाउड आहेत ना, यार? तुझी आई माझी गेस्ट, माझे सासरे तुझे गेस्ट. गेस्ट स्वतःचाच असला पाहिजे असं लीजमध्ये कुठे लिहिलंय?"

लियाकतने लीज दोनदा वाचली. लिहिलेलं नव्हतं. एवढ्या आधारावर तो तयार झाला आणि बुधवारी संध्याकाळी आईला लिफ्टने वर घेऊन गेला. अडतीस सेकंद. कानात दडे बसले, दार उघडलं, आणि जैतूनबी कॉरिडॉरमध्ये खालीच बसली.

"हे चढणं नव्हे. हे उचलून ठेवणं झालं. मेंढीला ट्रकात घालतात तसं. ट्रकात घातलेली मेंढी कुठे नेतात ते तुला ठाऊक आहे ना?"

लियाकतला ठाऊक होतं. दोघं परत खाली आले, आणि ठरलं की चढायचं तर रीतीने चढायचं. पायी. पाठीवर गाठोडं. वाटेत पडाव, प्रत्येक पडावाला एक रात्र. एका दमात चढवलं तर जनावराला डोंगर लागतो, माणसाला लागत नाही असं थोडंच आहे? लियाकतने दोन दिवसांची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "फॅमिली मायग्रेशन." साहेबाला वाटलं विमानतळाचं काम असेल.

गुरुवारी सकाळी काफिला निघाला. पुढे जैतूनबी, हातात काठी, पाठीवर गाठोडं. मागे रजया डोक्यावर घेतलेला लियाकत. त्याच्या मागे वसुधाची सहा वर्षांची रुही, हातात जैतूनबीच्या लाडक्या शेळीची जुनी घंटा, जी ती पायरी-पायरीला वाजवत होती आणि विचारत होती, "Are we nomads now?" खाली बाल्कनीतले तीन दगड तसेच मांडलेले ठेवले होते. किटली बरोबर होती. किटली तिने जन्मात कधी मागे ठेवली नव्हती.

पहिला पडाव नववा मजला, सुलेखाचं घर. सुलेखा पुण्याची. पाहुण्यांनी यायच्या आधी फोन, फोनच्या आधी ईमेल करावा असं तिचं मत. तिच्या पांढऱ्या सोफ्यावर रजया उतरल्या तेव्हा तिचे ओठ आवळले गेले. पण जैतूनबीने स्वयंपाकघरात शिरून लोण्याची रोटी भाजली, तिचा वास दरवळला, आणि आठवड्याभराने प्रथमच सुलेखाचा नवरा टीव्हीसमोरून उठून जेवायला टेबलाशी आला. दुसरा पडाव पंधरावा मजला, राजीवचा. राजीव मुंबईचा, एकटा. घरात एक गादी, एक भलामोठा टीव्ही, आणि फ्रिजमध्ये फक्त केचप. जैतूनबीने सगळीकडे नजर फिरवली आणि समाधानाने मान डोलावली. "याचं सामान एका तट्टावर मावेल. हा खरा माणूस." राजीवने आपली एकुलती एक गादी तिला दिली, आणि खारा चहा पहिल्या घोटाला बेसिनमध्ये, दुसऱ्या घोटाला पोटात घेतला.

तिसरा पडाव एकविसाव्या मजल्यावर यायचा होता, आणि तिथे ओळखीचं कुणीच नव्हतं.

"अम्मा, सरळ वर जाऊ. सहाच मजले राहिलेत."

"पडावावर ओळख लागत नाही. पडावावर ओळख होते," असं म्हणून तिने जिन्याजवळचं पहिलं दार काठीने ठोठावलं.

दार मिसेस ऑर्टिझनी उघडलं. त्याच, मॅनेजर. दगडांच्या सूचनेवर सही करणाऱ्या. लियाकतच्या डोक्यावरच्या रजया पुढे घसरून डोळ्यांवर आल्या, आणि त्याला ते बरंच वाटलं.

ऑर्टिझबाईंनी म्हातारी पाहिली, काठी पाहिली, घंटा पाहिली. "कुठे निघालात?"

"वर," लियाकत रजयांच्या आतून म्हणाला.

"लिफ्ट चालू आहे."

"हो मॅडम. चालू आहे."

"मग?"

लियाकतच्या डोक्यात एक-दोन सभ्य थापा येऊन गेल्या. व्यायाम. डॉक्टरचा सल्ला. आईने त्याच्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण पोरगा थाप मारायच्या बेतात आहे हे कळायला इंग्रजी लागत नाही. त्याने रजया खाली ठेवल्या.

"आम्ही बकरवाल आहोत," तो म्हणाला. "मेंढपाळ. उन्हाळ्यात आम्ही वर जातो. चालत. माझे वडील असेच जायचे."

सात वर्षांत त्याने हे इंग्रजीत पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्याचे कान लाल झाले. ऑर्टिझबाईंनी दार पुरतं उघडलं. त्यांची आई पोर्तो रिकोची. दर डिसेंबरात बोचकी बांधून तिकडे जायची आणि मार्चात परत यायची, आणि दोन वर्षांपूर्वी गेली ती तिकडेच राहिली, दफनभूमीत. हे सगळं त्यांनी खारा चहा पिताना सांगितलं. जैतूनबीला शब्द एकही कळला नाही आणि गोष्ट सगळी कळली. तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री तिला मॅनेजरच्या घरातला पलंग मिळाला आणि मॅनेजर सोफ्यावर झोपली. लियाकत पडावाच्या नियमाप्रमाणे दाराशी, पायपुसण्याच्या बाजूला.

रविवारी काफिला सत्ताविसाव्या मजल्यावर पोचला. वसुधाने पडदे उघडले. खाली नदी, पलीकडे शहर, आणि खिडकीच्या फटीतून सुसाट वारा. जैतूनबी काचेला नाक लावून उभी राहिली. जेवण जेवली, दोन ताटं. दुपारी घोरली. संध्याकाळी उठून म्हणाली, "आण तो कागद." अंगठा उमटवला, इतका दाबून की मागच्या पानावरही उमटला. मग वसुधाने आणलेल्या तीन विटा बाल्कनीत मांडून तिने वरचा डेरा रीतसर कायम केला. मेचं तिकीट रद्द झालं.

त्या उन्हाळ्याबद्दल फार सांगत नाही, सुखाच्या दिवसांना कथा नसते. आप्पा तिसऱ्या मजल्यावर असे काही खुलले की दिवसभर बाल्कनीत बसून कचऱ्याच्या गाड्यांवर टीका करायचे. लियाकत संध्याकाळी आईकडे वर जेवायचा आणि खाली येऊन शरयूकाकूंचं पिठलं पुन्हा जेवायचा. दोन्हीकडून "किती वाळलास" ऐकून त्याचं वजन सहा किलोंनी वाढलं. गोंधळ एकच झाला. शरयूकाकूंना बाल्कनीत तीन दगड मांडलेले दिसले. गोल, एकाशेजारी एक, आणि मुलगा म्हणतो हलवायचे नाहीत. म्हणजे यांचं काहीतरी देवाचंच असणार, परक्याचा असला तरी देव तो देवच, असं म्हणून त्यांनी त्यांना रोज हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. लियाकतने हे पाहिलं आणि तो पहिल्यांदाच नियमाचा विचार न करता गप्प बसला.

ऑक्टोबर आला. सातारकरांची परतीची वेळ झाली. जैतूनबीचीही मुदत नोव्हेंबरात संपत होती, म्हणून तिकिटं एकत्रच काढली, मुंबईपर्यंत सोबत. काफिला खाली उतरला, पुन्हा पायी, पुन्हा पडाव घेत. पण या खेपेला दार कुठेच ठोठावावं लागलं नाही. एकविसाव्यावर ऑर्टिझबाईंनी मीठ घालून चहा तयार ठेवला होता. पंधराव्यावर राजीवच्या घरी दुसरी गादी आली होती, ते पाहून जैतूनबी थोडी नाराज झाली. नवव्यावर सुलेखाने विचारलं, "एकच रात्र राहणार?" आणि ओठ पुन्हा आवळले.

तिसऱ्या मजल्यावर जैतूनबीने आपले दगड पाहिले. पिवळे, लाल, वर झेंडूची एक पाकळी. शरयूकाकू अवघडून उभ्या. "जैतूनबाई, आम्ही आपलं साधं... रोज."

जैतूनबी फस्सकन हसली. तिचं त्या देवाशी काही देणंघेणं नव्हतं, पण कुणी आपली चूल सहा महिने राखली हे तिला कळलं. "उभे आहेत ना अजून? मग झालं तर," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी मात्र लियाकतची अडचण झाली. कारण आणखी एक कायदा होता, जो मी मघाशी सांगायचा विसरलो. निघणाऱ्याला परत कधी येणार असं विचारायचं नाही. अपशकुन होतो, वाट रुसते. त्रेसष्ट वर्षांची बाई, मध्ये सात समुद्र, तिकडे तिला ठेवून घ्यायचा थोरल्याचा हट्ट, विमानतळावरच्या साहेबाची मर्जी. प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर होता आणि त्याने तो दातांनी धरून ठेवला. बॅगा खाली नेताना तो शेवटच्या खेपेला परत आला तेव्हा बाल्कनीचं दार लावलेलं होतं, पडदा ओढलेला होता, आणि आत दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता. दगड हलत होते. लियाकत बॅग घेऊन तसाच लिफ्टकडे वळला. त्याला बघायचं नव्हतं.

विमानतळावर आप्पांनी विमान किती उंच जातं असं विचारलं आणि कुणीच खरं सांगितलं नाही. जैतूनबीने लियाकतच्या तोंडावरून हात फिरवला आणि शरयूकाकूंचा हात धरून आत गेली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मागे बघायचं नसतं, हाही कायदाच.

लियाकत घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. दिवा लागलेला नव्हता. तो बूट न काढता थेट बाल्कनीशी गेला, पडदा धरून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग पडदा सरकवला.

दगड होते. तिन्ही होते. उलट, वाऱ्याने डळमळू नयेत म्हणून तिने ते आणखी घट्ट, एकमेकांत रुतवून बसवले होते. आणि त्यांच्यावर तांब्याची किटली होती. साठ वर्षांत जी कधी मागे राहिली नव्हती, ती.

लियाकत तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला. पस्तिशी उलटलेला, इंजिनियर, पायात बूट.

दारावर टकटक झाली. त्याने तोंड पुसून दार उघडलं. मिसेस ऑर्टिझ होत्या, हातात यादी. हिवाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी बाल्कन्या तपासायच्या असतात, तिथे काही ठेवायचं नाही असा नियम. त्या आत आल्या, काचेपाशी गेल्या आणि थांबल्या. दगड गुळगुळीत, गोल, करड्या रंगाचे, वर कुंकवाचे डाग. लॉबीतली सूचना त्यांनी अजून काढलेली नव्हती.

"हे दगड," त्या म्हणाल्या.

लायब्ररीचं पुस्तक दोन दिवस आधी परत करणाऱ्या लियाकत खटाणाने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. "आमचे आहेत," तो म्हणाला. "हलवता यायचे नाहीत. वैशाखात लागतील."

ऑर्टिझबाईंनी पेन काढलं, यादीत त्याच्या घरासमोर लिहिलं, बाल्कनी रिकामी, आणि चहात मीठ किती घालायचं ते विचारलं.